पांढऱ्या झग्याचे मूळ

लग्न ठरले की आपल्या धर्मग्रामांत पांढरा झगा, लेसची ओढणी आणि फुलांचा मुकुट यांची जुळवाजुळव सुरू होते. हा वेष चर्चच्या नियमाने आला, असा समज आम्हांस पुष्कळांच्या ठायी आढळतो. वास्तविक विवाहविधीत वधूच्या वस्त्राचा रंग कोठेही नेमून दिलेला नाही. गोव्यातील ख्रिस्ती वधूचा 'सादो' तर लाल!

युरोपातही पूर्वी वधू आपला उत्तमातला उत्तम पोशाख घाली. तो निळा, तांबडा, क्वचित काळाही असे. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरिया फिक्या पांढऱ्या रेशमात विवाहास उभी राहिली आणि हळूहळू तीच रूढी झाली. रेशीम स्पिटलफील्ड्सच्या मागांवरचे, लेस डेव्हन परगण्यातील बिअर गावच्या स्त्रियांनी हाताने विणलेली. यंत्राच्या जाळीने त्यांचा धंदा बसत चालला होता. त्यांना काम मिळावे, हा राणीच्या निवडीमागील हेतू. मस्तकी रत्नमुकुट नव्हता, संत्र्याच्या फुलांची माळ होती.

आमच्याकडे मात्र कर्ज काढून शिवलेला झगा एका दिवसाने पेटीत जातो. व्हिक्टोरियाने ती लेस पुढे अनेक प्रसंगी वापरली. १९०१ साली शवपेटीत तिच्या मुखावर लग्नातलीच ओढणी होती.