कॅन्सरचा रुग्ण दाखल असताना: त्रास आकड्यात सांगा

राउंडवर डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" रात्रभर दुखण्यामुळे झोप लागली नसली तरी बरेच रुग्ण "ठीक आहे" म्हणतात. ताप, नाडी आणि रक्तदाब मोजता येतात. वेदना, मळमळ, थकवा किंवा मनाची घालमेल मात्र रुग्णाने सांगितल्याशिवाय कळत नाही.

आकडा कसा द्यायचा?
0 म्हणजे त्रास नाही, 10 म्हणजे कल्पना करता येईल तेवढा जास्त त्रास. कॅनडातील एडमंटन येथे 1991 मध्ये तयार झालेल्या तक्त्यात असे 9 प्रश्न आहेत: वेदना, थकवा, मळमळ, उदासी, चिंता, गुंगी, भूक, धाप आणि एकंदर कसे वाटते. साधारणपणे 4 किंवा त्याहून जास्त आकडा असेल, तर राउंडची वाट न पाहता सिस्टरना सांगा. औषध घेतल्यावर तासाभराने पुन्हा आकडा सांगा. डोस पुरतो का, हे त्यावरून ठरते.

नातेवाइकांनी काय करावे?
धरमपेठेतून जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात ये-जा करताना सोबतीचा माणूस बदलत राहतो. म्हणून एक वही उशाशी ठेवा. वेळ, त्रास, आकडा आणि दिलेले औषध लिहा. रुग्ण बोलू शकत असेल तर आकडा त्यालाच विचारा. तुमचा अंदाज कमी किंवा जास्त असू शकतो.

"सांगितले तर मॉर्फिन देतील" ही भीती
मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वेदनेसाठी सुरक्षितपणे देता येते. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून शौचाची नोंदही ठेवा.

लगेच सांगा:
- थंडी वाजणे किंवा 100.4 अंश फॅरनहाइट वा त्याहून जास्त ताप
- अचानक वाढलेली धाप
- गोंधळल्यासारखे बोलणे, जागे करणे कठीण होणे
- पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा, लघवी अडणे

अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीरात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे जे रुग्ण आपला त्रास नियमित कळवत होते, ते इतरांपेक्षा सरासरी 5 महिने अधिक जगले. ते बाह्यरुग्ण होते, आणि त्यांनी कळवलेल्या त्रासाकडे नर्स लक्ष देत होत्या. वॉर्डातही नुसती नोंद पुरत नाही. आकडा सांगितल्यावर "आता काय करणार?" हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.