कोतवाल बुकापासून मोबाइलपर्यंत : आरोग्याच्या नोंदीचा इतिहास



आरोग्यसेवेतल्या डिजिटल तंत्रज्ञानावर सध्या खूप संशोधन चाललंय. त्याचा इतिहास सांगताना लोक साधारणपणे संगणकापासून सुरुवात करतात. मी कोतवालापासून करणार आहे.

आपल्या विदर्भात जात पडताळणीसाठी आजही लोक कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरतात. हे बुक म्हणजे इंग्रजी अमदानीतलं जन्म-मृत्यूचं दप्तर. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ही खबर कोतवालाने द्यायची, ती वहीत चढायची आणि ठाण्यात पोहोचायची. वही सरकारची, पण तिच्यातलं ज्ञान कोतवालाचं. साहेबाने ना ते मूल पाहिलं, ना ती चिता.

न्यायदर्शनात अशा ज्ञानाला शब्दप्रमाण म्हणतात. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची इच्छाही आहे, तो आप्त. त्याचं सांगणं प्रमाण. वात्स्यायनाने यावर एक सुंदर गोष्ट म्हटली आहे : आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू होतं. जन्म पाहायचा नाही, ठाऊक आहे का आणि खरं सांगतो का, एवढंच पाहायचं. आकडा संगणकात असला तरी तो कुणाची तरी साक्षच असतो.

आता गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यू कमी करायचे तर आधी ते मोजायला हवेत. आणि ते मोजणार कोण? गावातलीच माणसं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी एक साधं साधन बनवलं : मिनिटभराची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वीज नाही, पडदा नाही. पण मला विचाराल तर आरोग्य-तंत्रज्ञानाचा हा नमुना अव्वल आहे, कारण तो वापरणारीच्या हाताला बेतून केला होता, आणि मोजून झालं की उपचारही तीच करायची.

पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात-मृत्युदर २५.५ वर आला. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली हे संशोधन छापून आलं. २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरगुती नवजात सेवा देशभर सुरू झाली, तिचा पाया हाच.

याची दुसरी बाजू म्हणजे 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल. राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी स्वतः बालमृत्यू मोजले, तेव्हा प्रत्यक्षातले मृत्यू सरकारी कागदावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. कागद होते, तक्ते होते, ते वर पोहोचतही होते. पण मृत्यू लिहिला की जाब विचारला जाणार असेल, तर मृत्यू लिहिला जात नाही. ठाऊक असतं, सांगण्याची सोय नसते. म्हणजे आप्ताचं अर्धं लक्षणच आपण काढून घेतलेलं असतं!

मग मोबाइल आला. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत, अ‍ॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार. काहींना हा तंत्रज्ञानाला विरोध वाटला. मला तो साक्षीदाराचा आक्षेप वाटतो. जी भाषा मला येत नाही, तिच्यात माझी साक्ष कशी नोंदवणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डिजिटल उपायांवर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोबाइलवरून जन्म-मृत्यूची सूचना देणं, म्हणजे आपल्या कोतवालाचंच काम, त्यांत आहे. पण अट घातली आहे : त्या सूचनेवर पुढे काही करण्याची क्षमता यंत्रणेत असायला हवी. कोतवालाच्या काळापासून आपण हीच अट विसरत आलो. खबर वर जाते, खाली काही येत नाही.

सप्टेंबर २०२१ पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू आहे. प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक देण्याची ही योजना. दवाखान्यांचे कागद एकमेकांशी जोडले गेले तर रुग्णाची वणवण वाचेल, यात शंका नाही. उद्या याच नोंदींवरून यंत्रं निदानाचे अंदाजही बांधतील. पण न लिहिलेला मृत्यू कुठलंही यंत्र वाचू शकत नाही. उलट, पडद्यावर आलेला खोटा आकडा वहीतल्यापेक्षा जास्त खरा वाटतो, हा नवा धोका आहे.

म्हणून संशोधकांना माझी विनंती एवढीच, की माहिती किती वेगाने पोहोचली हे मोजताना आणखी दोन गोष्टी मोजा. नोंद करणारीला खरं लिहिण्याची मोकळीक होती का? आणि तिने लिहिल्यावर त्या घरी मदत पोहोचली का? गडचिरोलीत दोन्हींचं उत्तर 'हो' होतं, म्हणून बाळं वाचली.