प्लॅटिनमचीं प्रकाशचित्रें

इंग्लंडांतील वेल्स येथील कॅथीड्रलांत एक दगडी जिना आहे. शतकानुशतकें पावलें पडून त्याच्या पायऱ्या झिजल्या आहेत. १९०३ सालीं फ्रेडरिक एव्हन्स यानें त्याचें प्रकाशचित्र घेतलें व त्यास ‘पायऱ्यांचा सागर’ असें नांव दिलें. एव्हन्स हा मूळचा लंडनमधील पुस्तकविक्रेता. १८९८ त दुकान सोडून तो कॅमेऱ्याच्या नादीं लागला. त्याच्या कॅथीड्रलांच्या चित्रांत माणसें फारशीं नाहींत. खांब, कमानी आणि त्यांवर विसावलेला उजेड, एवढेंच. पाहणारा त्यांच्यापुढें आपोआप गप्प होतो.

ह्या शांततेंत कागदाचाहि वांटा होता. विल्यम विलिस यानें १८७३ त प्लॅटिनमच्या छपाईचें पेटंट घेतलें. लोहाचा व प्लॅटिनमचा क्षार कागदाला लावून वाळवावयाचा आणि त्यावर निगेटिव्ह दाबून तो उन्हांत धरावयाचा. प्रकाशानें लोहक्षार पालटतो. पुढें पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणांत तोच प्लॅटिनमचे सूक्ष्म कण मोकळे करतो. हे कण कागदाच्या तंतूंतच बसतात. वर जिलेटिनची चकाकी नसते. करड्या छटा हळुवारपणें एकमेकींत मिसळतात, आणि हा धातु गंजत नाहीं.

पहिल्या महायुद्धांत स्फोटकांना लागणाऱ्या नत्राम्लाच्या कारखान्यांकरितां प्लॅटिनम हवें झालें. किंमत भडकली, तयार कागद मिळेनासा झाला. दुसरे कागद एव्हन्सला रुचले नाहींत. त्यानें कॅमेराच खालीं ठेविला. ह्याला हट्ट म्हणावें कीं निष्ठा?

दुसरी अडचण जुनीच होती. हा कागद मंद. एन्लार्जरच्या दिव्यानें त्यावर चित्र उमटत नाहीं. निगेटिव्ह चित्राएवढीच मोठी लागते. छोटे कॅमेरे आले तशी ही पद्धत मागें पडली. १९६४ पासून अर्व्हिंग पेन यानें ती चिकाटीनें पुन्हां उभी केली. कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून तो दर वेळीं नेमका त्याच जागीं बसवी, आणि एकाच चित्रावर अनेक लेप देई. पुढें १९९५ त डॅन बर्कहोल्डर याचें संगणकावर निगेटिव्ह करण्याविषयींचें पुस्तक निघालें. आज डिजिटल कॅमेऱ्याचें चित्र हव्या त्या आकारांत पारदर्शक फिल्मवर छापून घेतां येतें.

जुन्या पद्धतीचे कांहीं अभिमानी ह्याला लबाडी म्हणतात. तें पटण्याजोगें नाहीं. एव्हन्सचा कागदहि कारखान्यांतूनच येत असे. उलट आजच्या कलावंताला द्रावण स्वतः कालवून ब्रशानें कागदावर पसरावें लागतें, आणि तें वाळेपर्यंत मंद उजेडांत थांबावें लागतें.