वऱ्हाडातला काळा कोट

वकिलाचा काळा कोट ही परंपरा आहे, तिला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांनी ती आली कुठून हे आधी पाहावे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कोर्टे त्यांच्या पद्धतीने चालू लागली आणि थंड मुलखातला पोशाखही मागोमाग आला. पण तो इथे जसाच्या तसा टिकला नाही. केसांचा टोप रुजलाच नाही. खुद्द इंग्लंडनेही 2008 मध्ये दिवाणी खटल्यांत न्यायाधीशांच्या डोक्यावरून तो काढला. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत कोटाच्या जोडीला अचकन आणि शेरवानी आहे, विजारीऐवजी धोतर चालते. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुका कोर्टात गाऊन ऐच्छिक आहे, गळ्यातल्या पांढऱ्या बँडऐवजी काळा टाय चालतो आणि उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. म्हणजे सवलत नियमातच आहे. तरीही मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना, कॉलर घामाने भिजलेली आणि अंगात कोट, असे वकील पुकाऱ्याची वाट पाहत उभे असतात.

कोटाच्या बाजूने एक म्हणणे खरोखर वजनदार आहे: तो सगळ्यांना एका पातळीवर आणतो. याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन 1926 मध्ये परतले. काळा कोट चढवल्यावर कोर्टापुढे कुणाचे घराणे मोठे नि कुणाचे लहान, हा प्रश्न उरत नाही, आणि वऱ्हाडासारख्या जातपात मानणाऱ्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. मात्र अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या 1927 च्या अमरावतीतल्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात ते पुढे उभे राहिले, ते विद्येच्या आणि धैर्याच्या बळावर. समानतेसाठी सर्वांचा वेश एकसारखा हवा, तो जाडच हवा असे नाही. दुसरा आक्षेप असा, की कोट नसला तर खेड्यातून आलेल्या पक्षकाराला वकील कोण आणि दलाल कोण हे कळणार नाही. पण गळ्याखाली रुळणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या ती ओळख पुरेशी देतात. मे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन सुनावणीसाठी कोट-गाऊन बाजूला ठेवले, पांढरा वेश आणि बँड राखले; त्याने न्यायाचे वजन घटले नाही.

म्हणून बँड राहावा, हायकोर्टात गाऊनही राहावा. पण मार्च ते जून कोट घालायचा नाही, असा ठराव तालुका वकील संघांनी एकमताने करावा. कारण एकट्यादुकट्या नवख्या वकिलाला कोट उतरवण्याचे धाडस होत नाही.