रजोनिवृत्तीची सेवा आणि हिवाळ्याची गर्दी : जोगेश्वरीत हिशेब कोणी मागायचा?

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास येते. पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच. त्यापूर्वीची काही वर्षे अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, छातीत धडधडणे, चिडचिड, सांधेदुखी अशा तक्रारींत जातात. रजोनिवृत्ती हा आजार नव्हे; मात्र या काळात वैद्यकीय सल्ल्याची गरज असते. जोगेश्वरीसारख्या उपनगरात हा सल्ला मिळतो का आणि मिळत नसेल तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न दवाखान्यांत गर्दी वाढली की अधिकच महत्त्वाचे ठरतात.

सेवा कोणाच्या हाती?

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने जानेवारी २०२६ मध्ये मकरसंक्रांतीचे निमित्त साधून शासकीय रुग्णालयांत रजोनिवृत्तीसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू करण्याचा उपक्रम हाती घेतला. तपासणी, समुपदेशन आणि औषधे एकाच ठिकाणी मिळावीत, हा त्यामागील हेतू. मुंबईत मात्र सार्वजनिक आरोग्यसेवेचा मोठा भार राज्य शासन नव्हे, तर महापालिका वाहते. त्यामुळे मंत्रालयातील निर्णय वस्तीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यासाठी पालिकेच्या यंत्रणेची साथ लागते.

रेल्वेमार्गाने जोगेश्वरीचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेचा भाग पालिकेच्या ‘के पश्चिम’ विभागात मोडतो. पूर्वेचा भाग दीर्घकाळ ‘के पूर्व’मध्ये गणला जात आला. पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत २०१३ मध्ये सुरू झालेले हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय गाठता येते. त्याखालोखाल पालिकेचे दवाखाने आणि ऑक्टोबर २०२२ पासून शहरात सुरू झालेले ‘आपला दवाखाना’. मेघवाडी किंवा बेहरामबाग येथील स्त्री प्रथम जाते ती या शेवटच्या पायरीवर. तिथे तिचे म्हणणे नीट ऐकले गेले, तरच पुढचा रस्ता सापडतो.

हिवाळ्याचा भार

मुंबईच्या दवाखान्यांची मोठी परीक्षा पावसाळ्यात होते. हिवताप, डेंग्यू, लेप्टो यांचे रुग्ण तेव्हाच वाढतात. २००९ मधील स्वाइन फ्लूची साथही पुण्या-मुंबईत ऐन ऑगस्टमध्ये उसळली होती. हिवाळ्याचा त्रास निराळा असतो. वारे मंदावतात, जमिनीलगतची हवा गार राहते आणि धूळ व धूर वर न जाता साचून राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली, की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पालिकेने बांधकामांच्या धुळीवर नियंत्रणासाठी नियमावली जारी केली. द्रुतगती महामार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, मेट्रोची कामे आणि झोपडपट्टी पुनर्विकास यांच्या मधोमध वसलेल्या जोगेश्वरीला या धुळीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

परिणामी खोकला, दमा, घसादुखी यांच्या रुग्णांनी बाह्यरुग्ण विभाग भरून जातो. तापाच्या रुग्णाला थांबवता येत नाही. धाप लागलेल्या वृद्धाला तर मुळीच नाही. मागे राहते ती अशी स्त्री, जिच्या तक्रारीला तातडी नाही. गर्दीत तिच्या वाट्याला डॉक्टरांचा जेमतेम वेळ येतो. निद्रानाश आणि धडधड यांचा इतिहास समजून घ्यायला तो अपुरा पडतो. एखादी गोळी घेऊन ती परतते आणि पुन्हा येत नाही. खोकल्याच्या रुग्णांची संख्या वाढली, की त्याची चर्चा होते. अशा स्त्रीचे न येणे मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुर्लक्षाची किंमत

या वयातील तक्रारींकडे पाहणारी भरवशाची सेवा जवळ नसेल तर काय घडते, हे महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती एकाएकी ओढवते; ते राखले तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोकाही त्यामुळे लवकर सुरू होतो.

पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्यास सांगितले. बीडमधील हंगामी मजुरी आणि जोगेश्वरीतील घरकाम यांत फरक आहे. पण रोजंदारी बुडू नये म्हणून त्रास अंगावर काढणे आणि असह्य झाल्यावर मिळेल तो उपाय पत्करणे, हे दोन्हीकडे सारखेच.

देखरेखीची यंत्रणा

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. विभागातील नगरसेवक या समितीवर असतात आणि स्थानिक दवाखान्यांच्या कामाबद्दल अधिकाऱ्यांना विचारणा करू शकतात. मुख्यालयात सार्वजनिक आरोग्य समिती आणि महिला व बाल कल्याण समिती यांचे काम त्याहून व्यापक. मात्र मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणुकीचे मतदान होईपर्यंत सुमारे चार वर्षे निवडून आलेले प्रतिनिधी नव्हते. ‘आपला दवाखाना’ ही योजना याच काळात सुरू होऊन विस्तारली. म्हणजे नवी सेवा आली, पण सभागृहात तिचा हिशेब मागणारे कोणी नव्हते. आता ती वाट पुन्हा खुली झाली आहे.

वस्तीच्या पातळीवर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानांतर्गत महिला आरोग्य समित्यांची रचना आहे. साधारण ५० ते १०० घरांमागे एक समिती असते. गरोदरपण आणि लसीकरण यांच्या पलीकडचे प्रश्न या बैठकांत मांडता येतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग तर प्रत्येक नागरिकाला आहेच.

काय विचारावे?

प्रश्न साधे आहेत. परिसरातील कोणत्या दवाखान्यात रजोनिवृत्तीसाठी ठरावीक वार आणि वेळ आहे? हिवाळ्यात तापाची गर्दी वाढल्यावर तो वार कायम राहिला की रद्द झाला? या तक्रारींसाठी आलेल्या स्त्रियांची स्वतंत्र नोंद होते काय? रक्तदाब, मधुमेह आणि तिशीनंतरच्या कर्करोग तपासणीशी ही सेवा जोडली आहे काय? पुढील तपासणीसाठी पाठवलेल्या स्त्रिया मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष पोहोचल्या का?

नोंदच नसेल तर डिसेंबरमध्ये सेवा बंद पडली, हे एप्रिलमध्ये सिद्ध करता येत नाही. म्हणूनच आठवड्यातून एक राखीव दुपार आणि एक वेगळी नोंदवही यांचे मोल नव्या इमारतीपेक्षा कमी नाही.

एक गोष्ट मात्र समितीच्या बैठकीची वाट पाहणारी नाही. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तो थेंबभर असला तरी, तातडीने तपासून घ्यायला हवा. तो कर्करोगाचा संकेत असू शकतो. अशी स्त्री खोकल्याच्या रांगेत शेवटी उभी राहता कामा नये. रांगेतील कोणाला आधी आत घ्यायचे, हे दवाखान्याच्या दारातल्या कर्मचाऱ्याला ठाऊक आहे की नाही, यावरून त्या सेवेची पारख होईल.