ब्रेल, मराठी
अंधांना बोटांनी मराठी वाचता यावी यासाठी योजिलेली उठावदार टिंबांची लिपी. लुई ब्रेल (१८०९–५२) या फ्रेंच अंध शिक्षकाने सहा टिंबांची मूळ लिपी १८२४ मध्ये सिद्ध केली. भारतात मात्र निरनिराळ्या संकेतावल्या रूढ झाल्याने एकीत छापलेले पुस्तक दुसरी शिकलेल्याला निरुपयोगी ठरे. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ मान्य झाल्यावर हा घोळ मिटला. तीत अक्षर आकारावरून नव्हे, उच्चारावरून ठरते. ‘क’ला रोमन ‘के’चीच १ व ३ ही टिंबे आहेत, आणि ‘कि’मधील वेलांटी व्यंजनानंतर येते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये मुंबईहून निघाले.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचण्यासाठी स्पर्शपट्टी वापरतात. दाबविद्युत् स्फटिकांच्या योगे तिच्यातील बारीक खुंट्या वरखाली होऊन अक्षरे उमटतात. बहुतेक पट्ट्यांवर एका वेळी एकच ओळ मावत असल्याने तक्ते व चित्रे यांची मांडणी बोटांना कळत नाही. शिवाय पट्टी महाग असते. त्यामुळे मजकूर बोलून दाखविणारी साधनेच अधिक पसरली. ती उपयुक्त आहेत. तथापि शुद्धलेखन नुसत्या श्रवणाने येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला बहुधा सारखेच वाटतात. बोटाला पहिल्यात २ व ४, तर दुसऱ्यात ३ व ५ ही टिंबे लागतात.