एका गाठीचे दोन वंश : ग्लायोब्लास्टोमाचे निदान आणि पुणे

१/ ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची विरळ, पण अत्यंत उग्र गाठ. तिच्या निदानाच्या इतिहासातील एक पान पुण्यातील विद्यापीठाच्या परिसरात लिहिले गेले.

२/ मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ऊतीला 'ग्लिया' हे नाव जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी दिले. १८६० च्या दशकात त्यांनी तिच्यापासून उद्भवणाऱ्या गाठींना 'ग्लायोमा' म्हटले.

३/ १९२६ मध्ये अमेरिकेत पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी या गाठींचे वर्गीकरण केले. पेशींचे रूप आणि रुग्ण किती काळ जगला, या दोन्ही गोष्टी त्यांनी ताडून पाहिल्या. सूक्ष्मदर्शकातील चित्रावरून रुग्णाचे भवितव्य वर्तवता येऊ लागले.

४/ त्या चित्रात काय दिसते? गाठ रक्तपुरवठ्याहून वेगाने वाढते, म्हणून मधला भाग प्राणवायूअभावी मरतो. मृत भागाभोवती पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या दाटतात आणि नव्या रक्तवाहिन्या बेसुमार फुटतात. मात्र तपासणीचा तुकडा लहान असेल, तर नेमका हाच भाग निसटू शकतो.

५/ सौम्य भासणारी गाठ पुढे उग्र का होते, हा प्रश्न काचपट्टीवरील मृत पेशी सोडवू शकत नव्हत्या. त्यासाठी जिवंत पेशी हव्या होत्या.

६/ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी एकाच ॲस्ट्रोसायटोमा गाठीतून दोन पेशीवंश वाढवले. २००३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. एचएनजीसी-१ संथ आणि निरुपद्रवी. एचएनजीसी-२ वेगवान, आक्रमक, गाठ निर्माण करणारा. सौम्य ते उग्र हा प्रवास प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला.

७/ २००८ मध्ये काही ग्लायोब्लास्टोमांत आयडीएच१ जनुकातील बदल आढळला. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार असा बदल असलेल्या गाठीला, ती कितीही उग्र असली तरी, ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. उलट, प्रौढ रुग्णात हा बदल नसेल आणि ठरावीक जनुकीय खुणा असतील, तर मृत भाग न दिसताही ते निदान होते.

८/ उपचार मात्र निदानाइतके पुढे गेलेले नाहीत. २००५ च्या प्रसिद्ध चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेले.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच जुन्या दप्तरातील रोगाचे नाव वाचताना आधी वर्ष पाहावे. १९३० चा 'ग्लायोब्लास्टोमा' आणि आजचा ग्लायोब्लास्टोमा एकच असेल असे नाही.